आधी माती, मग वीज

वऱ्हाडातला उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर, त्यात पाणी, खाली ओलं अंगण, आणि वीज बहुतेक घरी एक्स्टेन्शन बोर्डावरून. झाडांचा टुल्लू पंपही त्याच बोर्डावर. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या विदर्भातून दर उन्हाळ्यात येतात. म्हणून तेल्हाऱ्यातल्या आमच्या परसबागेत कायमची लाइन घ्यायचं ठरवलं. परवानाधारक वायरमन आला तो आधी जमीन पाहू लागला.

पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. "ह्या मातीत केबल ताणून टाकली, तं मातीच तिले ओढते," तो म्हणाला. सब्बल-फावड्याने अडीच फूट खोल चर खणला. तळाशी वाळू, तिच्यावर तीन कोअरची आर्मर्ड केबल, पुन्हा वाळू, वर आडव्या विटा, मग माती. उद्या कुणी झाडासाठी खड्डा खणलाच, तर फावडं आधी विटेवर अडावं. दोन्ही टोकांना केबल थोडी सैल ठेवली. मध्ये कुठेही जोड दिला नाही.

सगळ्यात जास्त मेहनत अर्थिंगला लागली. खोल खड्ड्यात अडीच मीटरचा जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर भरले, तोंडाशी पाणी ओतायला नरसाळं बसवलं आणि वर झाकणाचा छोटा हौद बांधला. ओली काळी माती वीज चांगली वाहून नेते. वाळून भेगाळली की पाइपापासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. "उन्हायाभर यात पानी टाकत जा, भाऊ," त्याने बजावलं. अर्थ टेस्टरवर आकडा समाधानकारक आला, तेव्हाच तो बोर्डाकडे वळला.

बोर्डात या लाइनसाठी वेगळी 16 अँपिअरची एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते. माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो आणि तेवढ्याने एमसीबी पडत नाही. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परततो का, यावर लक्ष ठेवते. वाटेत 30 मिलिअँपिअर गळला, की क्षणात पुरवठा तोडते. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला आणि अर्थिंग चांगलं असेल, तर गळती जमिनीत जाते आणि कुणी हात लावण्याआधीच आरसीसीबी पडते. अर्थिंग नसेल, तर ती पडते माणसाला झटका बसल्यावर. मातीत घातलेले सगळे कष्ट एवढ्यासाठी.

शेवटी भिंतीवर तीन फूट उंचीला झाकणाचं, पाणी न शिरणारं सॉकेट लावलं. केबल खालून आत घेतली, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळून आत जात नाही. मेगरने इन्सुलेशन तपासल्यावरच लाइन सुरू केली आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ती पडते याची खात्री केली.

अंगणात वीज नेताना दिव्यांवर कमी खर्च करा. अर्थिंग आणि आरसीसीबी टाळू नका. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागवू नका. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असेल, तर बंद कूलरमध्येही फेज उभी असते. आधी प्लग काढा, मगच पाण्याला हात लावा.