यंत्र, माणूस आणि बाजारपेठ : एक नवे विद्याक्षेत्र

आपल्या मुलामुलींनी उच्च विद्या संपादावी, असे पांढुर्णा-सौंसर परिसरातील प्रत्येक व्यापारी कुटुंबास वाटते. वैद्यक, अभियांत्रिकी व हिशेबतपासणी हे मार्ग सर्वपरिचित आहेत. माणसे आणि संस्था नवी यंत्रे कशी वापरतात याचे संशोधन, हा विद्यापीठातील मार्ग मात्र फारसा परिचित नाही. आपल्या पेढीशी त्याचा किती निकटचा संबंध आहे, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण आपल्याच प्रांतातील होय. २००० साली आय.टी.सी. कंपनीने मध्यप्रदेशातील खेड्यांत ‘ई-चौपाल’ केंद्रे उघडण्यास प्रारंभ केला. शेतकऱ्यास सोयाबीनचे भाव संगणकावर कळू लागले आणि माल थेट कंपनीस विकण्याचीही सोय झाली. अर्थशास्त्रज्ञ अपराजिता गोयल यांनी मंड्यांतील भाव अभ्यासून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की, केंद्रांमुळे मंडीतील भाव शेकडा १ ते ३ इतका चढला. हा चढ कोणाच्या नफ्यातून गेला असावा, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील. मोबाइलवर भाव व हवामान कळविणाऱ्या सेवेचा अभ्यास मार्सेल फाफशां व बार्ट मिन्टेन यांनी १०० खेड्यांत केला. २०१२ च्या त्यांच्या निबंधानुसार, संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांस सरासरीने अधिक भाव मिळाल्याचे दिसले नाही.

भाव दोन्हीकडे कळला. पण पहिल्या ठिकाणी त्याच्या जोडीला नवा ग्राहकही उभा होता. केवळ यंत्राने व्यवहार पालटत नाही, हाच बोध आम्ही यातून घेतो.

आपल्याकडील संत्र्याचाच विचार करा. नागपूरचा भाव मोबाइलवर दिसतो. फळाची गोडी दिसत नाही. बागेचा सौदा अजूनही नजर आणि शब्द यांवरच ठरतो. मग मोबाइलने नेमके काय पालटले? उधारीचे नाते सैल झाले की दृढ? २०२३ साली जिल्हा झालेल्या पांढुर्ण्याविषयी हे प्रश्न कोणी तरी पद्धतशीर विचारावयास हवेत.

वाणिज्य, अर्थशास्त्र, समाजशास्त्र वा संगणकशास्त्र यांपैकी कोणत्याही पदवीनंतर या संशोधनाकडे वळता येते. पेढीवर बसून वाढलेल्या मुलामुलींस बाजाराची भाषा उपजतच अवगत असते. त्यांपैकी कोणी या मार्गास लागल्यास सभासद बंधुभगिनींनी आपल्या जुन्या वह्या त्यांच्यापुढे विश्वासाने उघडाव्यात, अशी आमची विनंती आहे. त्या वह्यांवाचून आपल्या बाजारपेठेचा इतिहास परके लिहितील, आणि तो अपुराच राहील.