जुन्या कंदाचा डोळा

सिम्बिडियम ऑर्किडची कुंडी चार-पाच वर्षांनी उलटी केली, की मुळ्यांच्या गुंत्यात दोन तऱ्हेचे कंद हाती लागतात. कडेचे हिरवेगार, टणक आणि पानांनी भरलेले; मधले पिवळट, सुरकुतलेले, एकही पान नसलेले. हे मधले कंद बहुतेक घरी कचऱ्यात जातात. वास्तविक त्यांतल्या पुष्कळ कंदांमध्ये अजून एक नवे झाड दडलेले असते.

वनस्पतिशास्त्रात याला छद्मकंद म्हणतात, कारण तो कांद्यासारखा खरा कंद नसून खोडाचाच फुगलेला भाग असतो. अनेक ऑर्किड रानात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. त्यांना सर्रास बांडगूळ म्हटले जाते, पण ती यजमान झाडाचा रस घेत नाहीत. पाऊस थांबला की पाण्याची शाश्वती नसते, म्हणून पाणी, पिष्टमय पदार्थ आणि क्षार या कंदांत साठवले जातात. सिम्बिडियम, कॅटलिया, ऑन्सिडियम आणि डेंड्रोबियम दर हंगामात मागच्या कंदाच्या बुंध्यातून पुढे नवा कंद घालतात आणि आडव्या खोडाने रांग पुढे सरकते. मागे पडलेल्या कंदाची पाने गळतात, साठा मात्र बराच शिल्लक राहतो. हळदीच्या जेठ्या गड्ड्यासारखीच ही गोष्ट. वँडा आणि फॅलेनॉप्सिस एकाच शेंड्याने सरळ वाढतात, त्यांना असा कंद नसतो; पुढची रीत त्यांच्यासाठी नाही.

कंदाच्या बुंध्याशी, सुकलेल्या खोळीखाली, उसाच्या टिपरीवर असतात तसे डोळे असतात. ते वर्षानुवर्षे झोपलेले राहतात, कारण पुढचा वाढता कोंब ऑक्झिन नावाचे संजीवक तयार करतो. ते मागे झिरपत येते आणि मागच्या डोळ्यांना फुटू देत नाही. तुरीचे शेंडे खुडले की बगलेतून फुटवे येतात, त्यामागचे कारण हेच. ऑर्किडमध्ये शेंडा खुडायची गरज नसते. आडवे खोड मध्ये कापले तरी पुरते. जाणकार हे काम कुंडी बदलण्याच्या काही महिने आधीच करतात. झाड कुंडीतच ठेवून दोन कंदांमधले खोड कापतात. मागच्या भागाला फुटवा आला, की मगच तो वेगळा लावतात. वाटणी करताना प्रत्येक भागात तीन-चार कंद राखणे चांगले, कारण एकट्या कंदाचे झाड फुलायला फार वेळ घेते.

चाकूची काळजी मात्र कसोशीने घ्यावी लागते. सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लोसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू रसातून, म्हणजे पात्यावरून, एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यांवर औषध नाही. दर झाडानंतर पाते ज्योतीवर तापवून घ्यावे. कापलेल्या जागेवर दालचिनीची पूड दाबतात. ती मुळ्यांवर मात्र पडू देऊ नये, मुळ्या सुकतात.

सुटा कंद लावण्याआधी सुकलेल्या खोळी हलक्या हाताने सोलाव्यात, म्हणजे डोळे दिसतात आणि खोळीत दडलेली कीडही निघते. मेलेल्या मुळ्या कापून कंद एक-दोन दिवस सावलीत ठेवावा. मग ओलसर, पण पिळले तर पाणी न गळणाऱ्या स्फॅग्नम मॉसवर बुंधा टेकवून तो उभा करावा. कंद पुरला तर कुजतो. फुटवा यायला दोन-तीन महिने सहज जातात. कोंब आधी येतो, मुळ्या मागाहून आणि त्या कोंबाच्याच बुंध्यातून. तोवर सगळा खर्च साठ्यातून चाललेला असतो, म्हणून या काळात घातलेले खत वाया जाते. मुळ्या बोटभर झाल्या, की नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा घातलेल्या कुंडीत झाड हलवून अगदी पातळ खत सुरू करावे.

आता बाजारातल्या ‘बूस्टर’ बाटल्यांविषयी. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना ‘सिक्स बीए’ हे नाव पाठ असते. ते सायटोकायनिन गटातले संजीवक आहे. या गटातले कायनेटिन हे पहिले द्रव्य अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९५५ मध्ये सापडले, तेही हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतील डीएनएपासून. सायटोकायनिन ऑक्झिनच्या उलट काम करते, झोपलेल्या डोळ्याला जागे करते. लोकरीच्या चरबीत, म्हणजे लॅनोलिनमध्ये, सिक्स बीए मिसळून केलेला मलम ‘केकी पेस्ट’ म्हणून विकला जातो. केकी म्हणजे हवाई भाषेत मूल. डोळ्यावरचा पापुद्रा काढून मोहरीएवढा मलम पुरतो. जास्त लावला तर एकाच ठिकाणी खुरटे, बिनमुळांचे कोंब गर्दी करतात.

शहाळ्याच्या पाण्यातही सायटोकायनिन असते. १९४१ पासून ते ऊतिसंवर्धनात वापरले जाते. पण तिथे बाटली निर्जंतुक असते. उघड्या कंदावर ओतले तर त्यातल्या साखरेवर आधी बुरशीच माजते. ब१ जीवनसत्त्वाची ख्याती १९३० च्या दशकातली, प्रयोगशाळेत मुळांच्या तुटक्या टोकांवर केलेल्या प्रयोगांतून आलेली. कुंडीतल्या अख्ख्या झाडाला ते बाहेरून लागत नाही. त्यातल्या त्यात समुद्री शेवाळाचा पातळ अर्क मुळ्या फुटायच्या सुमाराला वापरून बघण्यासारखा आहे. पण यांतले काहीही कंदातला साठा वाढवत नाही. दाबल्यावर टणक लागणारा कंद चाकूनेच जागा होतो, पिचपिचीत झालेला कशानेच नाही.

एकेकाळी या जुन्या कंदांना मोठी किंमत येई. फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी १९६० मध्ये सिम्बिडियमच्या शेंड्यातील सूक्ष्म पेशींपासून रोपे वाढवण्याची रीत मांडली. तोवर नामांकित झाडाची हुबेहूब प्रत मिळवायला वाटणी किंवा जुना कंद हेच मार्ग होते.

महाराष्ट्रात एक अडचण उरतेच. सिक्कीम-दार्जिलिंगच्या थंडीत फुलणाऱ्या सिम्बिडियमचा जुना कंद मुंबईच्या बाल्कनीतही फुटतो, पाने धरतो, पण रात्री गार नसल्याने फुलाचा दांडा सहसा येत नाही. तिथे उष्ण हवेतले डेंड्रोबियम निवडावे. त्याची पाने गळलेली जुनी कांडी ओल्या मॉसवर आडवी ठेवली, की पेरांतून पिल्ले निघतात आणि त्यांच्या मुळ्या दोन इंच झाल्या की ती वेगळी लावता येतात.