लॅपटॉपचा आवाज मधूनच का जातो?

वर्गात कविता ऐकविली जात असता जुन्या लॅपटॉपचा आवाज एकाएकी थांबतो व काही वेळाने आपोआप परत येतो. अशा वेळी यंत्र निकामी ठरवून कपाटात ठेवण्याची घाई होते. आणि कपाटात गेलेली वस्तू सहसा बाहेर येत नाही.

प्रथम हेडफोन लावून पाहावा. त्यातही आवाज तुटत असेल, तर ध्वनीचा ड्रायव्हर पुन्हा बसवून पाहावा. हेडफोनमध्ये आवाज अखंड येत असेल, तर संशय स्पीकरच्या जोडणीवर किंवा हेडफोनच्या खाचेवर घ्यावा. पिन खाचेत शिरताच आतील बारीक पट्टी सरकते व यंत्र स्वतःचा स्पीकर बंद करते. धुळीने वा झिजेने ही पट्टी अडकली, की पिन नसतानाही ती असल्याचा यंत्राचा समज होतो. यंत्र बंद करून पिन आठदहा वेळा आतबाहेर करावी. खाचेत सुई अथवा तेल मुळीच घालू नये.

एचडीएमआय केबलने प्रोजेक्टर जोडला असता आवाज तिकडे वळतो, तो बिघाड नव्हे. ध्वनीच्या चिन्हावरून स्पीकर निवडावा.

एवढ्याने न भागल्यास आवाज केव्हा व काय करताना गेला, हे वहीत टिपून ती वही कारागिराला दाखवावी. दुकानात नेलेले यंत्र नेमके तेथेच सुरळीत बोलू लागते.