मुकादमाच्या मागे चालणारी टोळी

ऊसतोडणीचा मुकादम कारखाना आणि मजूर यांच्यामधला माणूस म्हणून ओळखला जात असला, तरी धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघणाऱ्या टोळ्यांचा कारभार पाहिला, की तो प्रत्यक्षात एक छोटी एजन्सीच चालवतो, हे ध्यानात येते. हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम म्हणजे 'उचल' हे तिचे भांडवल आणि 'कोयता', म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, हे तिच्या मोजदादीचे एकक.

एकापेक्षा अधिक टोळ्या असलेल्या मुकादमाला सगळीकडे हजर राहता येत नाही, तरीही ऊस तुटतो, कारण रोजच्या कामात त्याने ठरवावे असे थोडेच उरते. कोणत्या फडात शिरायचे ते कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो, त्याचा चिटबॉय, म्हणजे शेतावरचा कर्मचारी, फड दाखवतो, बुडख्यापासून तोडणी, पाचट काढणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावरून गाडीत चढवणे ही वाटणी जोड्या आपापसात करून घेतात, आणि किती ऊस गेला हे काट्यावरची पावती सांगते. दरही करारानेच बांधलेला असतो: जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि मुकादमाचे कमिशन 19 वरून 20 टक्के झाले.

घोडे अडते ते पैशाशी. टोळीतल्या जाणत्यावर काम सोपवले जाते, पण खर्च करण्याचा अधिकार बहुधा सोपवला जात नाही, त्यामुळे कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, रात्री कोणी तापाने फणफणले तर दवाखान्याच्या पैशांसाठी आधी मुकादमाला फोन लावावा लागतो. 'खाडा', म्हणजे कामावर न आलेल्या दिवसाचा दंड, मांडायला जाणता पुरतो, तो माफ करायला मात्र मुकादमच लागतो, आणि अशी सोपवणूक अर्धीच म्हटली पाहिजे.

भारतीय करार कायदा, 1872 या बाबतीत बराच स्पष्ट आहे. स्वतः करण्याचे पत्करलेले काम मध्यस्थाला दुसऱ्याकडे देता येत नाही, मात्र धंद्याचा रिवाज किंवा कामाचे स्वरूप तसे असेल तर ते चालते, असे कलम 190 सांगते, आणि रीतसर नेमलेल्या उपमध्यस्थाच्या कृतीबद्दल मूळ मध्यस्थच जबाबदार राहतो, असे कलम 192 सांगते.

म्हणून जाणत्याच्या हाती ठरावीक मर्यादेपर्यंतची रोकड आणि एक वही देणे हा खरा उपाय ठरतो. कोयत्याच्या नावापुढे उचल, टन, खाडे आणि वेळोवेळी दिलेली खर्ची रोजच्या रोज मांडली गेली आणि तिची नक्कल त्या जोडीकडेही राहिली, तर मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, कोणाचे किती फिटले आणि किती राहिले, हे मुकादमाच्या आठवणीला विचारावे लागत नाही.