हाच्चो मिसो : गावाचे नाव, प्रांताचा हक्क

जपानमधील आयची प्रांतात ओकाझाकी नावाचे शहर आहे. तेथील किल्ल्याच्या पश्चिमेस आठ चो, म्हणजे सुमारे ८७० मीटरवर एक वस्ती आहे. तिचे नावच ‘हाच्चो’, अर्थात आठ चो! आंबवलेल्या सोयाबीनचा घट्ट, गडद, खारट असा ‘हाच्चो मिसो’ मूळचा येथला.

जपानमध्ये इतरत्र मिसोत बहुधा तांदूळ किंवा जव घालतात; येथे धान्य वर्ज्य. मोठ्या लाकडी पिंपात सोयाबीनचा आंबवणीचा लगदा भरून त्यावर नदीतील गोटे शंकूच्या आकारात हातांनी रचतात. एका पिंपावर सुमारे तीन टनांचा भार! दोन उन्हाळे व दोन हिवाळे तो तसाच मुरतो.

२०१७ मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाने या नावास भौगोलिक मानांकन दिले. परंतु ते संपूर्ण आयची प्रांतातील उत्पादकांच्या संघटनेस. लाकडी पिंप वा दोन वर्षांची मुदत यांची अट त्यात नाही. परिणामी मूळ वस्तीतील काकुक्यू व मारुया या दोन जुन्या पेढ्याच नोंदणीबाहेर राहिल्या. हा न्याय विपरीतच म्हणावा लागेल. न्यायालयातही नोंदणी कायम राहिली. दोन्ही पेढ्या मात्र आजही त्याच वस्तीत, दगडांच्या भाराखालीच मिसो मुरवतात.