प्रतीक्षागृहातील कुंडी

आमच्या चिकित्सालयात औषध देण्याच्या काउंटरवर काचेच्या हिरव्या बाटलीत मनी प्लांटची एक वेल कित्येक वर्षे होती. वेल जोमाने वाढत होती, भिंतीवरच्या घड्याळापर्यंत पोहोचली होती, आणि आम्हांस तिचा थोडाफार अभिमानही होता. एका पावसाळ्यात डासांच्या उत्पत्तिस्थानांची पाहणी करीत फिरणारे एक कर्मचारी आमच्याकडे आले. त्यांनी छतावरची टाकी पाहिली, मागील अंगणातील जुने टायर पाहिले आणि जाता जाता काउंटरवरील बाटली उचलून दाराच्या उजेडात धरली. "डॉक्टर, हे पाहा," एवढेच ते म्हणाले. बाटलीतील पाण्यात अळ्या वळवळत होत्या. त्या वेळी बाकावर तापाचे तीन रुग्ण बसलेले होते.

व्यवसायबंधूंना यातील गांभीर्य निराळे सांगावयास नको. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास दिवसा चावतो, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आपल्याकडील उष्णतेत साधारण सात ते दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. ज्या खोलीत तापाचे रुग्ण तासन्‌तास बसतात, त्याच खोलीत आम्ही डासांची पैदास करीत होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतील बाजूस चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणजे नुसते पाणी बदलून भागत नाही. दर आठवड्याला भांडे रिकामे करून आतून घासावे लागते. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. रुग्णांना आम्ही तेच सांगत होतो. स्वतःच्या बाटलीकडे मात्र पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही चिकित्सालयातील झाडांकडे नीट लक्ष देऊ लागलो. आपल्या बहुतेक दवाखान्यांतून व औषधालयांतून आज चार-दोन कुंड्या असतातच. त्या विकत आणण्यास खर्च होतो, सहा महिन्यांत त्या मरतात आणि पुन्हा आणल्या जातात. यामागील कारणे शोधताना आम्हांस जे आढळले, ते येथे मांडीत आहोत.

घरात ठेवण्याची म्हणून विकली जाणारी बहुतेक झाडे उष्ण कटिबंधातील आहेत. मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावरचा, सर्पपर्णी पश्चिम आफ्रिकेतील, झीझी या नावाने मिळणारे चकचकीत पानांचे झाड पूर्व आफ्रिकेतील. डिफेनबाखिया, पीस लिली व फिलोडेन्ड्रॉन हे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील जंगलांतून आले. यांपैकी बरीच झाडे मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढतात, म्हणून ती खोलीत टिकतात. परंतु सावली सहन करणे निराळे आणि सावली सात्म्य असणे निराळे. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. चांगला उजेड असलेल्या कार्यालयात तो तीनशे ते पाचशे लक्स भरतो. आपला डोळा अंधाराशी चटकन जुळवून घेतो, त्यामुळे हा फरक आपल्या ध्यानात येत नाही. झाडाच्या तो नक्कीच येतो. सोपी परीक्षा अशी, की दुपारच्या वेळी कुंडीच्या जागी पानावर हात धरावा. हाताची पुसट का होईना सावली पडली, तर तेथे झाड जगेल. सावलीच पडत नसेल, तर ती जागा कुंडीची नव्हे, दिनदर्शिका लावण्याची समजावी. आमच्या शहरातील जुन्या पेठांतील औषधालये अरुंद व खोल असतात. तेथे कुंडी दरवाजापासून पाच-सहा हातांच्या आतच ठेवावी, किंवा दोन कुंड्या करून आठवड्याने पाळीपाळीने बाहेरच्या उजेडात न्याव्यात.

मात्र अंधारापेक्षाही अधिक झाडे पाण्याने मरतात. अभावाने नव्हे, अतियोगाने. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या, की त्यांतून प्राणवायूचे वहन हवेच्या मानाने हजारो पटींनी मंद होते. मुळे गुदमरतात व कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होऊन खाली लोंबतात. झाड तहानेले असतानाही नेमके हेच दिसते. आमच्याकडील साफसफाई करणाऱ्या मावशी अत्यंत मायाळू. पाने मलूल दिसली, की एक तांब्या जास्त घालीत. लक्षण एक, हेतू परस्परविरुद्ध आणि चिकित्सा उलट, असा हा प्रकार. केवळ लक्षण पाहून औषध देण्याबद्दल आपण इतरांना नावे ठेवतो, आणि कुंडीपुढे स्वतःही तेच करतो.

निदान कठीण नाही. तर्जनी दोन पेरे मातीत घालावी. आत ओल लागली तर पाणी देऊ नये, मग वरची माती कोरडी दिसो वा पाने झुकलेली असोत. कुंडी उचलून तिच्या वजनाचा अंदाज घेण्याची सवय लावल्यास महिन्याभरात हाताला आपोआप कळू लागते. पाणी द्यावयाचे तेव्हा तळाच्या छिद्रातून निथळेपर्यंत द्यावे आणि बशीत जमलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. रोज पेलाभर पाणी घालण्याची पद्धत सर्वांत वाईट होय. प्रतीक्षागृहात बारीक काळी चिलटे उडताना दिसली, तर बहुधा कुंडीतील वरची माती सतत ओली राहत आहे असे समजावे. अशा वेळी कीटकनाशक शोधण्यापेक्षा निदानपरिवर्जन करावे, अर्थात पाणी तोडावे.

ऋतुमानाप्रमाणे मात्रा बदलावी लागते, हे वैद्यांना शिकवण्याची गरज नसावी. तरीही आमच्या पाहण्यात असे आले, की सोमवार-गुरुवार असा वार ठरवून बारमाही पाणी घालण्याकडेच सर्वांचा कल असतो. कोकणातील आषाढात जी कुंडी बारा-पंधरा दिवस ओली राहते, ती विदर्भातील वैशाखात दोन दिवसांत सुकते. वातानुकूलित खोलीत हवा कोरडी असते, पानांची टोके तपकिरी होतात. त्यावर उपाय म्हणजे झाड यंत्राच्या थेट झोतापासून दूर ठेवणे. जास्त पाणी देणे नव्हे.

मातीविषयी थोडक्यात. शेतातील काळी माती कुंडीत घालू नये. ती ओली असताना चिकट होते, सुकली की भेगाळते व कुंडीच्या कडेपासून सुटते. लाल माती, नारळाच्या भुशाचा कोकोपीट, चांगले कुजलेले शेणखत आणि जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे असे भुसभुशीत मिश्रण पुरते. पिठ्या ढेकूण दिसल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाचे काही थेंब मिसळून फवारावे, पण अंगणात नेऊन. प्रतीक्षागृहात तो वास दोन दिवस हटत नाही. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाचे मुद्रित भाषांतर 1996 साली उपलब्ध झाल्यापासून कुणपजलाविषयी आपल्या मंडळींत मोठे कुतूहल आहे. त्याचा प्रयोग शेतात अवश्य करावा. बंद खोलीत मात्र कोणी करू नये, हे अनुभवाने सांगतो. औषधालयात चूर्ण दळण्याचे यंत्र असेल, तर पानांवर धूळ साचते. पंधरवड्याने ओल्या फडक्याने पाने पुसावीत.

आता एका गैरसमजाविषयी. सर्पपर्णी रात्री प्राणवायू सोडते, म्हणून ती शयनगृहात ठेवावी, असे रुग्ण आम्हांस विचारतात आणि काही व्यवसायबंधू तसे सांगतातही. ही वनस्पती रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठविते, हे खरे आहे. परंतु प्राणवायूची निर्मिती प्रकाशातच होते, रात्री नव्हे. झाडे खोलीतील हवा शुद्ध करतात, या समजाचा उगम अमेरिकेतील नासाच्या 1989 सालच्या प्रयोगात आहे. तो प्रयोग लहान बंदिस्त पेट्यांत केला होता. आपल्या खोल्यांतून हवा सतत आतबाहेर होत असते. अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित विचार करून 2019 साली दोन अमेरिकी संशोधकांनी दाखविले, की खिडकी उघडल्याने जे साधते ते झाडांकडून साधायचे तर प्रत्येक चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, कदाचित हजारही. सबब दम्याच्या रुग्णास कुंडी सुचविण्याऐवजी खिडकी उघडण्यास सांगावे. झाड सुंदर दिसते, बसलेल्या माणसाचे मन रमते, एवढे कारण आम्हांस पुरेसे वाटते.

राहिला विषाचा प्रश्न. मनी प्लांट, डिफेनबाखिया, फिलोडेन्ड्रॉन, पीस लिली, झीझी ही सारी आपल्या अळू-सुरणाच्या कुळातील आहेत. अळू नीट शिजले नाही तर घशाला जी खाज सुटते, ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. गृहिणी त्यावर चिंच घालतात. प्रतीक्षागृहातील दीड वर्षाच्या बालकास ही सोय नसते. डिफेनबाखियाचे पान चावल्यास ओठ, जीभ व घसा सुजतात, लाळ गळते, बोलता येत नाही. तोंड पाण्याने धुवावे, थंड पाणी वा दूध द्यावे, वमन मुळीच करवू नये, आणि गिळताना किंवा श्वास घेताना त्रास दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे. त्यापेक्षा डिफेनबाखिया चिकित्सालयात आणूच नये, असे आमचे मत आहे. बाकीच्या कुंड्या लहान मुलांच्या हाताबाहेर असाव्यात.

आणखी एक अडचण केवळ आपल्याच व्यवसायात उद्भवते. वैद्याकडील प्रत्येक झाड औषधी असते, अशी रुग्णांची पक्की श्रद्धा आहे. एक आजी सर्पपर्णीचे पान मागत होत्या. त्यांच्या शेजारणीने ती मूर्वा असल्याचे सांगितले होते. काही प्रांतांत मूर्वा म्हणून सर्पपर्णीचीच भारतीय भगिनी वापरली जाते, आपल्याकडे मोरवेल घेतात आणि अधिकृत औषधिकोशाने तिसरीच वेल मान्य केली आहे. म्हणजे आजींचा गोंधळ निराधार नव्हता. मात्र आमच्या कुंडीतील आफ्रिकेची पाहुणी यांपैकी कोणतीच नव्हे. कोरफडीचेही तसेच. गर तेवढा लोकांना ठाऊक असतो, सालीखालील पिवळा चीक तीव्र रेचक आहे आणि त्यापासूनच काळा बोळ होतो, हे ठाऊक नसते. गर्भिणी बाकावर बसलेल्या असतात. म्हणून आता प्रत्येक कुंडीवर मराठी व शास्त्रीय नाव, आणि शोभेच्या झाडांवर ठळक अक्षरांत "औषधी नाही" अशी पाटी आम्ही लावली आहे.

काउंटरवरील वेल आम्ही मातीत लावली. पहिल्या महिन्यात तिची निम्मी पाने गळाली, मग नवी फुटली. पाणी देण्याचे काम मावशींकडेच आहे. बोट मातीत घालून पाहिल्याशिवाय त्या तांब्या उचलत नाहीत, आणि शुक्रवारी बश्या घासून पालथ्या घालतात. हिरवी बाटली कोरडी करून फळीवर ठेवली आहे.