गटाच्या ईमेलला चाळण लावू या



मसाले, पापड, गोधड्या विकण्यासाठी आता बरेच बचत गट स्वतःची वेबसाइट काढतात. त्यासाठी होस्टिंग घ्यावं लागतं, म्हणजे एखाद्या कंपनीच्या संगणकावर वर्षाच्या भाड्याने जागा घ्यावी लागते. त्याच जागेत गटाच्या नावाचा ईमेलही उघडता येतो. पत्ता वेबसाइटवर टाकला की थोड्याच दिवसांत टपाल सुरू होतं. पण त्यात गिऱ्हाइकं कमी आणि भलतेच लोक जास्त. कुणी लॉटरी लागली म्हणतं, कुणी बिनतारण कर्ज द्यायला निघतं. अशा नको असलेल्या टपालाला स्पॅम म्हणतात.

हे दुखणं जुनं आहे. १९७८ साली अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या माणसाने सुमारे ४०० जणांना न विचारता एकच जाहिरात पाठवली. तोच पहिला स्पॅम मानला जातो. आज हे काम माणूस बसून करत नाही. वेबसाइटवर उघडे लिहिलेले पत्ते वेचत फिरणारे प्रोग्रॅम असतात. त्यामुळे गट लहान असला तरी टपाल येतंच.

यावर उपाय म्हणजे चाळण. होस्टिंगच्या जागेचा कारभार बघायला बऱ्याच ठिकाणी सीपॅनेल नावाचं पान असतं. त्यात ‘ईमेल’ या भागात ‘स्पॅम फिल्टर्स’ असं बटण दिसतं. त्याच्यामागे स्पॅमअसॅसिन नावाचा प्रोग्रॅम काम करतो.

तो आलेलं प्रत्येक पत्र तपासतो. पाठवणाऱ्याचा पत्ता खरा वाटतो का, मजकुरात फसवणुकीचे नेहमीचे शब्द आहेत का, पत्र बदनाम ठिकाणाहून आलंय का, असं बरंच काही बघून तो गुण देतो. संशयाची खूण दिसली की गुण वाढतात, भरवशाची दिसली की कमी होतात. शेवटी बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली, तर ते पत्र स्पॅम. हा आकडा सहसा ५ असतो. शाळेत जास्त गुण मिळाले की कौतुक होतं, इथे उलटं आहे.

आकडा कमी केला की चाळण कडक होते, वाढवला की सैल होते. ५ चे २ केले तर स्पॅम कमी दिसेल हे खरं, पण चांगली पत्रंही त्यात अडकतील. म्हणून सुरुवातीला आकड्याला हात लावू नका. पंधरा दिवस बघा, मग गरज वाटली तर एकेका अंकाने बदला.

आता कळीचा मुद्दा. त्याच पानावर ‘ऑटो डिलीट’ असा एक पर्याय आहे. तो चालू केला तर स्पॅम ठरलेली पत्रं आपल्याला न दाखवताच पुसली जातात. कटकट गेली असं वाटतं, पण हा पर्याय बंदच ठेवा. समजा, दिवाळीच्या तोंडावर मुंबईच्या एका दुकानदाराने ४० किलो गोडा मसाल्याची मागणी पाठवली. पत्र पहिल्यांदाच आलंय, अक्षरं मोठी, सोबत दोन-तीन लिंका. चाळणीला संशय आला आणि पत्र पुसलं गेलं. त्या दुकानदाराला वाटणार, या बायका उत्तरही देत नाहीत. आणि आपल्याला तर मागणी आली होती हेच कधी कळणार नाही. आपण तांदूळ पाखडतो तेव्हा सुपातून पडलेलं लगेच उकिरड्यावर नेतो का? आधी बोटाने चाळून बघतो, कणी-दाणे वेचतो. इथेही तेच करायचं.

त्यासाठी ‘स्पॅम बॉक्स’चा पर्याय चालू करा. मग संशयित पत्रं वेगळ्या कप्प्यात जमा होतात. फोनवर ईमेल जोडताना ‘पॉप’ की ‘आयमॅप’ असं विचारलं तर आयमॅप निवडा. पॉपमध्ये फक्त मुख्य कप्पा येतो, स्पॅमचा कप्पा फोनवर दिसतच नाही. आठवड्यातून दोनदा तो कप्पा उघडून पाठवणाऱ्याचं नाव आणि विषय वाचायचा. कामाचं पत्र सापडलं तर मुख्य कप्प्यात हलवायचं, बाकीची पुसायची. पुसणं टाळू नका. तो कप्पाही आपल्याच भाड्याच्या जागेत असतो. जागा भरली की नव्या मागण्यांची पत्रं परत जायला लागतात.

नेहमीचे गिऱ्हाईक, बँक, पंचायत समिती यांचे पत्ते ‘व्हाइटलिस्ट’मध्ये घाला. मग त्यांची पत्रं अडत नाहीत. पण आपल्या स्वतःच्या वेबसाइटचं नाव त्यात घालू नका. स्पॅमवाले बऱ्याचदा आपल्याच नावाचा मुखवटा लावून येतात.

आणखी एक जागा बघा, ‘डिफॉल्ट अॅड्रेस’. तिथे सगळं टपाल स्वीकारायचं ठरवलेलं असेल, तर आपल्या वेबसाइटच्या नावापुढे कुणी कोणतंही खोटं नाव जोडून पाठवलेलं पत्रही आत येतं. असं टपाल स्वीकारू नये, पाठवणाऱ्याला पत्ता चूक असल्याचं कळवावं, असा पर्याय तिथे निवडता येतो.

एवढं करूनही चार-दोन लबाड पत्रं चाळणीतून सुटणारच. ‘तुमचा मेल बंद होणार आहे, लगेच पासवर्ड टाका’ हे त्यातलं सगळ्यात घातक. असं पत्र होस्टिंग कंपनीच्या नावाने आलं तरी त्यातली लिंक दाबायची नाही. स्पॅमला उत्तर द्यायचं नाही, ‘पाठवणं थांबवा’ असंसुद्धा लिहायचं नाही. उत्तर गेलं की पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. गटाचे पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत एवढं ठरवा: स्पॅमचा कप्पा बघण्याची पाळी कुणाची, आणि ती गावाला गेली तर कुणाची. मीटिंगच्या वहीत नावं लिहा. गल्ल्याची किल्ली कुणाकडे आहे हे जसं सगळ्यांना माहीत असतं, तसंच हेही माहीत असायला हवं.